चंदनापुरी घाट चढण्याआधी

दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेल्या बीएसए एम-२० सारख्या मोटारसायकलींचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं. गाडी काही आठवडे उभी राहिली की ते झिजलेल्या पंपातून झिरपत इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून काहीजण टाकी आणि पंपामधल्या नळीला कॉक बसवतात. जुन्या बुलेटमध्ये ऑइलची जागा इंजिनाच्या ओतकामातच असते, तिथे असा कॉक बसवायला जागाच नसते. पुढची गाडी आणि माणसं कल्पित आहेत. मिनिटं पुढेमागे होतील, क्रम बदलणार नाही.

शनिवार, दुपारी ४. संगमनेरात गाडीला कॉक बसतो. उघडायचा विसरला तर इंजिन कोरडं चालेल, म्हणून सोबत मायक्रोस्विच. कॉक बंद असला की स्विच मॅग्नेटोची वायर अर्थ करतो आणि ठिणगी पडत नाही. मला यातच धोका दिसतो. बॅटरीवरच्या इग्निशनमध्ये असा स्विच पुरवठ्याच्या वाटेत बसतो. वायर तुटली तर गाडी चालूच होत नाही आणि इंजिन वाचतं. मॅग्नेटोचं उलट आहे. वायर तुटली की ठिणगी सुरूच राहते, म्हणजे राखणदार गेल्याचं कळतच नाही.

संध्याकाळी ६. प्रवरेच्या पुलापर्यंत फेरी. क्लिप न लावलेली वायर हादऱ्यांनी टोकाशी तुटते.

रात्री ९. मालक कॉक बंद करतो. याच वेळी एक किक मारून पाहिली असती तर इंजिन फुरफुरलं असतं आणि दोष उघडा पडला असता. तो झोपायला जातो.

रविवार, पहाटे ५:५०. गाडी धाकटा भाऊ काढतो. त्याला कॉक ठाऊक नाही. दुसऱ्या किकला इंजिन चालू.

५:५१. तो टाकीचं झाकण उघडून बघतो. परतीच्या नळीतून ऑइल येतंय, म्हणजे सगळं ठीक! पण ते चेंबरमध्ये उरलेलं ऑइल आहे. झाकण लावल्यावर थोड्याच वेळात धार थांबते.

६:००. पुणे रस्ता. बिगएंडचे रोलर अंगाला चिकटलेल्या ऑइलवर अजून तगून आहेत. बिडाचं सिलिंडर तापत चाललंय.

६:०८. घाटाचा चढ. ओढ कमी होते. चढामुळे असेल, असं समजून तो थ्रॉटल आणखी पिळतो.

६:१०. पिस्टन जाम होतो. मागचं चाक लॉक. डावा हात क्लचवर असेल तर गाडी सावरेल. नसेल तर तो रस्त्यावर पडेल, आणि मागून येणाऱ्या ट्रकला ब्रेक लावायला किती जागा आहे, त्यावर सगळं अवलंबून.

सकाळी ११. गॅरेजमध्ये इंजिन उघडतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरला फासलं गेलंय. टाकीत ऑइल पुरेसं आहे. सिलिंडर बोअर करायचं, रोलर तपासायचे, कॉक काढून नळी सलग जोडायची आणि पंप दुरुस्त करायचा, असं ठरतं. पंप दुरुस्त होईपर्यंत गाडी बरेच दिवस उभी राहिली तर चालू करण्याआधी चेंबरचा प्लग उघडून उतरलेलं ऑइल काढायचं आणि टाकीत परत भरायचं.