मोजला नायट्रोजन, मानली प्रथिनं

बाळाच्या दुधाच्या डब्यावर, बिस्किटाच्या पुड्यावर, पनीरच्या पाकिटावर एक छोटा तक्ता छापलेला असतो. त्यात 'प्रथिने' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे ग्रॅममध्ये एक आकडा. हा आकडा येतो कुठून, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? गंमत अशी की बहुतेक वेळा प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजलेलीच नसतात. मोजलेला असतो नायट्रोजन, आणि त्यावरून हिशेबानं प्रथिनांचा आकडा काढलेला असतो. या एका आडवाटेच्या हिशेबाचा इतिहास प्रत्येक आईवडिलांनी वाचावा असा आहे.

तो सुरू होतो बिअरच्या कारखान्यात. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीनं १८७५ साली स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिथल्या रसायन विभागाचे प्रमुख होते योहान केल्डाल. बिअर बनते सातूपासून, आणि सातूत प्रथिनं किती आहेत यावर बिअरची प्रत अवलंबून असते. त्यामुळे रोज येणाऱ्या धान्यातली प्रथिनं झटपट मोजता येणं गरजेचं होतं. त्या काळच्या पद्धती वेळखाऊ आणि किचकट होत्या.

केल्डाल यांनी १८८३ मध्ये सोपी पद्धत मांडली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा. त्यातली सेंद्रिय द्रव्यं मोडून पडतात आणि नायट्रोजनचं रूपांतर अमोनियम क्षारात होतं. मग त्यात अल्कली घालून अमोनिया वाफेबरोबर बाहेर काढायचा आणि तो किती निघाला ते मोजायचं. चरबीत आणि पिठूळ पदार्थांत नायट्रोजन जवळजवळ नसतो. प्रथिनांत मात्र तो साधारण १६ टक्के असतो. म्हणून मिळालेल्या नायट्रोजनला ६.२५ नं गुणलं की प्रथिनं मिळाली! दुधासाठी हा गुणक ६.३८ धरतात.

पद्धत स्वस्त, खात्रीची आणि कुठेही करता येण्याजोगी. धान्य, पशुखाद्य, मांस, दूध अशा सगळ्यांसाठी ती जगभर प्रमाण ठरली आणि आजही वापरात आहे. पण तिच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे: 'नमुन्यातला नायट्रोजन प्रथिनांतूनच आला आहे.' केल्डाल यांच्यासमोर सातू होता आणि सातू खोटं बोलत नाही. माणूस मुद्दाम नायट्रोजन मिसळेल, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेसमोर नव्हताच.

आता दुसरं पात्र. मेलामाईन हे संयुग जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३४ साली प्रथम तयार केलं. आज तुम्ही ते ओळखता ते न फुटणाऱ्या ताटल्या आणि टेबलाच्या वरच्या चकचकीत थरामुळे. ही पांढरी भुकटी असते आणि तिच्या वजनातला दोन तृतीयांश भाग नायट्रोजनचा असतो. ६.३८ नं गुणून पाहा: एक ग्रॅम मेलामाईन केल्डालच्या तपासणीत सव्वाचार ग्रॅम दूध-प्रथिनांसारखं दिसतं. त्यात खरं प्रथिन मात्र शून्य.

चीनमध्ये २००४ साली फुयांग भागात निकृष्ट बालदुधाचं प्रकरण उघडकीला आलं होतं. त्या भुकटीत प्रथिनं नावालाच होती. कुपोषणानं बाळांची डोकी मोठी आणि हातपाय काटकुळे दिसू लागले, काही बाळं दगावली. साहजिकच दुधातल्या प्रथिनांच्या आकड्याकडे जास्त लक्ष जाऊ लागलं. पण पाणी घातलेलं दूध विकणाऱ्यांची अडचण तेवढ्यानं संपत नव्हती. पाण्यानं प्रथिनांचा आकडा घसरतो आणि दूध नाकारलं जातं. तो आकडा वर न्यायला काहींनी मेलामाईन वापरलं. तपासणीचा निकाल 'योग्य' येऊ लागला.

पहिला मोठा इशारा माणसांतून आला नाही. २००७ मध्ये अमेरिका-कॅनडात कुत्री-मांजरं मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. त्यांच्या डबाबंद खाण्यातल्या, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाईन सापडलं. पुढच्याच वर्षी, २००८ च्या उन्हाळ्यात, चीनच्या गान्सू प्रांतातल्या डॉक्टरांपुढे तान्ह्या बाळांचे मुतखड्याचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. एवढ्या लहान वयात मुतखडा क्वचितच होतो. 'बाळ काय पितं?' या साध्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुन्हापुन्हा एकच येत होतं: सानलू कंपनीची दूध-भुकटी.

ऑगस्टच्या सुरुवातीला कंपनीच्या संचालकांना दूषित भुकटीची माहिती मिळाली होती. त्याच महिन्यात बीजिंगला ऑलिंपिक होतं. जाहीरपणे माल परत मागवला गेला तो ११ सप्टेंबरला. त्याच दिवशी ज्यान ग्वांगचोऊ या पत्रकारानं कंपनीचं नाव छापून बातमी दिली होती. पुढच्या तपासणीत आणखी २१ कंपन्यांच्या बालदुधात मेलामाईन निघालं. सानलूच्या एका नमुन्यात तर ते किलोमागे अडीच हजार मिलिग्रॅमहून जास्त होतं. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे २ लाख ९४ हजार बाळांना त्रास झाला, ५० हजारांहून अधिक बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि ६ बाळं दगावली.

बाळंच का सापडली? दोन कारणं आहेत. एक, मोठी माणसं दहा गोष्टी खातात. डब्याच्या दुधावरच्या बाळाचं तेच एकमेव अन्न असतं. दुसरं, तान्ह्या बाळाच्या लघवीत यूरिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं. मेलामाईन त्याच्याशी जोडलं जाऊन खडे बनतात आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या, मूत्रवाहिन्या तुंबतात. हे खडे साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाहीत; ते सोनोग्राफीत दिसतात.

या प्रकरणानंतर तपासणीची रीत बदलली. क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्रांनी मेलामाईन नाव घेऊन शोधलं जाऊ लागलं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेनं २०१० मध्ये मर्यादा ठरवली: बालदुधाच्या भुकटीत किलोमागे १ मिलिग्रॅम. मुख्य म्हणजे केल्डालची जुनी पद्धतही फेकून द्यायची गरज नाही. आधी आम्ल घालून दुधातली प्रथिनं साक्याच्या रूपात खाली बसवायची, गाळून घ्यायची आणि फक्त त्या साक्यातला नायट्रोजन मोजायचा. मेलामाईन, युरिया वरच्या पाण्यात राहतात. एक पायरी वाढली की फसवणूक उघडी पडते. ही पायरी आधीही माहीत होती. पण वेळ आणि पैसा वाचवायचा म्हणून ती सहसा गाळली जायची.

भारतानं सप्टेंबर २००८ मध्ये चीनहून येणाऱ्या दूध आणि दुग्धपदार्थांवर बंदी घातली आणि ती वेळोवेळी वाढवत नेली. पण हा फक्त चीनचा किस्सा समजू नका. आपल्या गावातल्या संकलन केंद्रावरचं बोलणं आठवा: 'फॅट लागत नाही', 'डिग्री बसत नाही'. दुधाचा भाव ठरतो फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांशाशिवायचे घनपदार्थ, यांवर. लॅक्टोमीटर तर फक्त दुधाची घनता सांगतो. पाण्यानं घनता कमी होते, साय काढल्यानं वाढते. दोन्ही नेमक्या प्रमाणात केलं तर लॅक्टोमीटर काहीच बोलत नाही. युरिया, साखर, मीठ घालूनही घटलेली डिग्री वर नेता येते. म्हणूनच चांगल्या डेअरीत फॅटबरोबर या भेसळींच्या वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात.

यातून तुम्ही काय घ्याल?

पहिलं, सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. डब्याचं दूध द्यावंच लागलं तर ते बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं, सीलबंद आणि बॅच क्रमांक असलेलं घ्या. डबा संपेपर्यंत तो क्रमांक जपून ठेवा. माल परत मागवला गेला तर तोच कामाला येतो.

दुसरं, दूध उकळल्यानं जंतू मरतात, पण मेलामाईन किंवा युरिया नाहीसा होत नाही. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

तिसरं, बाळाची लघवी कमी झाली, लाल झाली, लघवी करताना बाळ कळवळून रडलं, तर थांबू नका. डॉक्टरांना बाळ काय पितं हे आपणहून सांगा आणि डबा सोबत न्या.

आणि शेवटचं तुमच्या स्वतःच्या रिपोर्टबद्दल. केल्डालच्या पद्धतीसारख्या कितीतरी तपासण्या आपण रोज करतो. मधुमेहातली एचबीए१सी घ्या. ती तीन महिन्यांची साखर मोजत नाही. ती हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी लवकर नष्ट होत असतील तर हा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर थांबू नका. या तपासणीत नेमकं काय मोजलं आणि माझ्या बाबतीत ते कशामुळे चुकू शकतं, असं डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे.