शर्यतीनंतरचं घर

धावपटूंवरच्या सिनेमांचा साचा ठरलेला असतो. घरी ओढाताण, बाप आजारी किंवा रागीट, पोरगं अनवाणी पळतंय. शेवटी फीत तुटते, संगीत वाढतं, नावं येतात. तिग्मांशू धुलियाचा ‘पान सिंग तोमर’ (2012) हा साचा मोडतो. त्यात शर्यती संपल्यावरही सिनेमा बराच उरतो, आणि उरतो तो घराचा भाग.

पान सिंग खरा माणूस. मुरैना जिल्ह्यातला, लष्करात सुभेदार, स्टीपलचेसचा सात वेळचा राष्ट्रीय विजेता. स्टीपलचेस म्हणजे 3000 मीटर धावताना 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धेत तो भारताकडून धावला. निवृत्त होऊन गावी आला, तिथे जमिनीवरून भावकीत वाद पेटला. तो बंदूक घेऊन चंबळच्या खोऱ्यात उतरला आणि 1981 मध्ये पोलीस चकमकीत मारला गेला.

त्याच 1981 मध्ये गोपाल सैनीने स्टीपलचेसमध्ये 8:30.88 हा राष्ट्रीय विक्रम केला. तो 37 वर्षं टिकला. 2018 मध्ये तो मोडला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने.

अविनाशची गोष्ट सांगताना आपण हमखास सहा किलोमीटर लांबच्या शाळेपासून आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांपासून सुरुवात करतो. ते खरंच आहे. पण असे रस्ते महाराष्ट्रात कितीतरी मुलं रोज तुडवतात. फरक पडला बारावीनंतर, तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर. सियाचेन, राजस्थान, सिक्कीम अशी ड्युटी केली आणि 2015 मध्ये लष्कराच्या क्रॉसकंट्रीत तो स्पर्धेसाठी धावू लागला. तिथे खुराक मिळाला, पुढे अमरीश कुमार हे प्रशिक्षक मिळाले, आणि पगार तर होताच. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8:11.20 वेळ देऊन रौप्य मिळवलं. सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं.

माण तालुक्यातल्या दुष्काळी मोहीची ललिता बाबर रिओ 2016 मध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत होती. तिच्यामागे रेल्वेची नोकरी होती. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवणाऱ्या सावरपाड्याच्या कविता राऊतला ओएनजीसीत नोकरी मिळाली.

गरिबी माणसाला धावपटू बनवते, हा सिनेमाचा आवडता समज. ती बहुतेकांना धावण्यातून बाहेरच काढते. टिकतात ते, ज्यांच्या घरची चूल दुसऱ्या कुणाच्या तरी पगारपत्रकावर पेटते. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर पिढ्या काढलेल्या कोकणाला हे समजावून सांगायला नको.

रत्नागिरीत भाट्याच्या वाळूत पहाटे पळणाऱ्या मुलांना विचारा, कशासाठी पळताय? उत्तर ऑलिंपिक नसतं, पोलीस भरती असतं. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यांच्यासाठी पदक म्हणजे नोकरीच. त्यातल्या एखाद्याच्या पायात आणखी काही असेल, तर तेही नोकरी लागल्यावरच कळेल.