काळी, पांढरी आणि शाळेतली मुले

काळी आणि पांढरी हे दोन शब्द आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि फुटकी खापरे एकावर एक साचत गेली, की त्या जागेचा रंगच पालटतो. गाव उठून जाते, पांढरी मागे उरते. पुराणवस्तुसंशोधकांनीही हा शब्द शेतकऱ्याकडूनच उचलला. असे असता, इतिहासाच्या तासाला मात्र तो आम्हां मास्तरांच्या तोंडून क्वचितच निघतो, याचे मला नवल वाटते.

याला एक कारण आहे. सातारा आणि सांगली हा दप्तरांचा मुलूख. राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रे वाईस मिळाली आणि १८९८ साली त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांची दप्तरे उलगडली. एका शाळामास्तराने केलेले ते काम आठवले, की आजही मान ताठ होते. त्यांच्यामुळे आमच्या घरोघरी एवढे कळले की, माळ्यावरचा रुमाल बंबात घालू नये. खापराविषयी तसे सांगणारा कोणी भेटला नाही. शिवाय मोडी पत्रात थोरामोठ्यांची नावे असतात. खापरात नाव नसते. ज्या कुणब्याच्या घरातून कधी पत्र लिहिले गेले नाही, त्याचा पुरावा मात्र त्या खापरातच असतो.

कऱ्हाडचेच पाहा. महाभारताच्या सभापर्वात करहाटकाचे नाव येते. दूर मध्य भारतात भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावचे लोक आहेत, आणि तो कठडा इसवी सनापूर्वीचा आहे. आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी कोरली गेली, ती काही ओसाड रानासाठी नव्हेत. खाली नांदते गाव होते, म्हणूनच वर भिक्षू राहू शकले. ते गाव आज कोठे आहे? कृष्णा-कोयनेच्या काठी, आजच्या कऱ्हाडच्या पायाखाली. १९४० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी तेथले अवशेष तपासले. पण गावावर गाव वसले असता कुदळ मारावी तरी कोठे?

कोल्हापूरला जागा मोकळी मिळाली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर प्रा. कुंदणगारांनी प्रथम काम केले, आणि १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केले. तेथून निघालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी ब्राँझची मूर्ती पुष्कळांनी चित्रात पाहिली असेल. तीच मूर्ती एखाद्या गुराख्याला नुसती सापडून बाजारात गेली असती, तर ती एक शोभेची वस्तू झाली असती. सातवाहनांच्या काळच्या विटांची घरे, शिशाची नाणी, खापरे यांच्या सोबतीने ती उभी राहते, तेव्हा समुद्रापासून घाट चढून आलेला व्यापार दिसू लागतो. वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची असते, आणि ती एकदा हलली की पुन्हा सांगता येत नाही. पुस्तकाचे पान वाचता वाचता फाडावे, तसे हे उत्खनन असते.

अमेरिकेत इलिनॉय नदीच्या खोऱ्यात कोस्टर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात १९६९ ते १९७८ मोठे उत्खनन चालले. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत हायस्कूलची मुलेही खपत असत. हे वाचून मलाही हुरूप आला होता. पण आपल्याकडे उत्खननाचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरचे. वैशाखात माती दगडासारखी होते. आणि १९५८ च्या कायद्याने संरक्षित ठिकाणी परवान्यावाचून खणता येत नाही, हे मला योग्यच वाटते. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरास कळवावे, असा १८७८ चा कायदाही आहे. दहा रुपयांत आता चहाही जेमतेम येतो, असो.

मग मी मुलांना उकिरडा खणायला लावला. शाळेच्या मागचा, शाळेचाच. सुतळी बांधून चौरस आखला, खुरपी आणि रंगाचे जुने ब्रश दिले, आणि एक उभी कड शाबूत ठेवायची एवढा नियम केला. वरच्या थरात गोळ्यांचे कागद आणि प्लॅस्टिक; त्याखाली बॉलपेनाच्या रिफिली; त्याखाली शाईच्या दौतीची काच आणि टाकाची निबे; अगदी तळाशी पाटीचे तुकडे आणि मंगलोरी कौलांची खापरे. गावात पेन आधी आले की पत्रे, यावर मुलांचा जो वाद रंगला, तसा सनावळीवर कधी रंगलेला मी पाहिला नाही. कडेचे चित्र काढताना एका मुलीने विचारले, "सर, हा राखेचा पट्टा मधेच का तुटलाय?" उंदराचे बीळ होते. हे तिनेच तासाभराने शोधून काढले.

त्यात वीटभट्टीवाल्याचा एक मुलगा होता. तो फारसा बोलत नसे. चौथ्या दिवशी म्हणाला, "सर, आमचा आबा पांढरीची माती गाडीनं नेतो. रानात टाकायला. त्यात असलीच खापरं असतात."

"मग?"

"नाही नेली तर रानात काय टाकायचं?"

मी काही बोललो नाही. राखेने, शेणाने कसदार झालेली ती माती. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पोसली आहे, आणि धाब्याच्या घरांवरही तीच पडली आहे. गाडीगाडीने टेकाडे खचत गेली. इतिहासासाठी खत टाकू नका, हे त्याच्या बापाला सांगायला माझी जीभ रेटेना.

शाळा उघडली त्या आठवड्यात तो मुलगा एक खापर घेऊन आला. आत काळे, बाहेर तांबडे, कडेला बोटाने फिरवलेली रेघ. वहीच्या पानात गुंडाळलेले होते. पानावर पेन्सिलीने लिहिले होते: आबाची गाडी भरताना, ओढ्याकडच्या बाजूला, वरून तीन हात, राखेच्या पट्ट्याखाली. खाली टेकाडाचे चित्र होते, आणि गाडीने जेवढा भाग नेला तेवढा त्याने तुटक रेघेने दाखवला होता.