गिरगाव : वाड्यांचे, चाळींचे आणि आता टॉवरचे

दक्षिण मुंबईत मलबार हिलच्या पायथ्याशी वसलेले गिरगाव हे मुंबईतील मराठी मध्यमवर्गाचे जुने ठाणे. येथील वस्ती वाड्यांची. आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी ही नावे एकेकाळच्या बागायतीची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकात शहर वाढत गेले, तशा बागा जाऊन चाळी उभ्या राहिल्या. कोकणातून शिक्षण-नोकरीसाठी आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची टुमदार घरे होती. त्यांतील काही आजही टिकून आहेत.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात न मावणारे आयुष्य गॅलरीत आणि चौकात आले. त्यातूनच येथील सार्वजनिक जीवन घडले. केशवजी नाईक चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी येथील कॉरोनेशनमध्ये, तर पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. ऑगस्ट १९२०मध्ये लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले, ते गिरगाव चौपाटीवर. १९३५मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृहही याच परिसरात आहे.

चाळींच्या ऱ्हासाचे मूळ मात्र भाड्यात आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण तुटपुंज्या भाड्यात मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरवली. इमारती खचू लागल्याने १९६९मध्ये दुरुस्ती मंडळासाठी कायदा झाला व उपकर लागू झाला. पुढची पिढी मात्र मोठ्या घरासाठी बोरिवली, डोंबिवलीकडे सरकली.

आता उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळते. उर्वरित बांधकाम विकासक बाजारभावाने विकतो. भुयारी मेट्रोसाठीही काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये गिरगाव स्थानक सुरू झाले. स्वतंत्र शौचालय व लिफ्ट यांमुळे वृद्धांचे हाल संपतात, हे खरे. मात्र देखभाल खर्चाचा मासिक भार नव्याने येतो आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला तो जड जातो.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला उपनगरांत गेलेले गिरगावकर आवर्जून परततात. वाड्यांची नावे पाट्यांवर राहतील. पण गॅलरी गेल्यावर शेजार टिकेल का, हा प्रश्न येथील प्रत्येक पुनर्विकासासमोर उभा आहे.