मंदीत युद्धनौकेचं किट कोण घेतं?

गावी देवणीला गेलो की पारावर एक प्रश्न ठरलेला असतो : "कशावर करायलास पीएचडी?" मी सांगतो, युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृतींवर. डबा उघडायचा, प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर जहाज तयार. लगेच पुढचा प्रश्न येतो, "लोकांकडं पैसा नसताना असलं कोण घेतं?" आधी मला हा टोमणा वाटायचा. आता माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच प्रश्नावर आहे.

उत्तराची सुरुवात देवणीतच होते. आमचं गाव ओळखलं जातं ते देवणी गोवंशामुळे. दुष्काळ पडला की चारा संपतो आणि दावणीची जनावरं बाजारात जातात. पण पोळ्याला त्याच घरात मातीची बैलजोडी येते. ज्याच्याकडे बैल नाही तोही ती आणतो, पूजतो. मोठी वस्तू हातातून गेली म्हणून तिची ओढ जात नाही. ती परवडेल अशा आकारात घरी येते. प्रतिकृतींच्या बाजाराचा इतिहास वाचताना मला ही मातीची जोडी सारखी आठवते.

१९५२ सालचं ब्रिटन घ्या. महायुद्ध जिंकलेलं, पण साखर आणि मांस अजून रेशनवर. अशा टंचाईत एअरफिक्स या कंपनीने 'गोल्डन हाइंड' या सोळाव्या शतकातल्या जहाजाचं प्लास्टिक किट आणलं. हे सर फ्रान्सिस ड्रेकचं तोफा असलेलं जहाज. कंपनी तोवर फुगवायची रबरी खेळणी आणि कंगवे बनवत होती. वूलवर्थ या दुकानसाखळीत किट दोन शिलिंगला विकायचं ठरलं. त्या किमतीत पुठ्ठ्याचा डबा बसेना, म्हणून भाग साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि वर घडी घातलेला छापील कागद लावला. किट खपलं, आणि त्यामागून मालिकाच सुरू झाली. म्हणजे हा छंद सुबत्तेतून आला असं म्हणता येत नाही. तो टंचाईत, खाऊच्या पैशांवर वाढला.

मग मंदीचा फटका बसतो कुणाला? माझ्या मते आधी बनवणाऱ्याला. किटमध्ये प्लास्टिक थोडंसंच असतं; खरा खर्च स्टीलच्या साच्याचा. तो कोरायला भरपूर पैसा एकदम घालावा लागतो, मग त्यातून हजार डबे निघोत की लाख. म्हणून हात आखडला की कंपन्या नवीन साचा टाळतात आणि जुनाच माल नव्या चित्राच्या डब्यात घालून विकतात. यामाटो आणि बिस्मार्क पुन्हा पुन्हा दिसतात, कारण त्या खपणार याची खात्री असते. दुकानात नवीन जहाज दिसलं नाही, याचा अर्थ गिऱ्हाईक नव्हतं असा काढणं चूक आहे.

यावर एक तोडगा जपानच्या शिझुओका शहरात निघाला. १९७१ मध्ये तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून 'वॉटरलाइन' मालिका सुरू केली. प्रमाण १:७००, आणि जहाजाचा पाण्याखालचा भाग गाळलेला. जहाजं आपसांत वाटून घेतली, म्हणजे एकाच जहाजावर दोघांचे साचे नकोत. फुजिमी १९९२ मध्ये बाहेर पडली, पण मालिका टिकली.

उलट उदाहरणही सांगायला हवं. एअरफिक्स समूह १९८१ मध्ये कोसळला. तेव्हा ब्रिटनमध्ये मंदी होती आणि पौंड महाग झाल्याने निर्यात अडली होती. पण समूहातल्या इतर खेळण्यांचा तोटाही जड झाला होता. लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना त्यांनी १९७९ मध्येच बंद केला होता. कंपनी बुडाली, साचे मात्र विकले गेले आणि पुढच्या मालकांकडे किट निघत राहिली. २००६ मध्येही असंच झालं : मालक कंपनी अडचणीत आली आणि हॉर्नबीने एअरफिक्स घेतली.

आता आपल्याकडे या. आयएनएस विक्रांत १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं ती संग्रहालय होती. देखभालीचा खर्च झेपेना, आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. २०१६ मध्ये तिचं थोडं पोलाद वापरलेली बजाजची 'व्ही' मोटारसायकल बाजारात आली. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. अख्खी विक्रांत ठेवणं सरकारला जमलं नाही. तिचा कणभर अंश मात्र कंपनीला विकण्याजोगा वाटला. मला हा पुन्हा मातीच्या बैलाचाच हिशेब वाटतो.

विक्रांतची लांबी सुमारे ७०० फूट. १:७०० प्रमाणात ती बरोबर एक फूट होते, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढी. पण छोटी झाली म्हणून ती स्वस्त होईलच असं नाही. सीमाशुल्काच्या यादीत खेळणी आणि अशा प्रतिकृती एकाच ९५०३ शीर्षकाखाली येतात. त्यावरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला आधार देण्याचा हेतू मी समजू शकतो. पण परदेशी किटाच्या बाबतीत त्या दोन शिलिंगच्या पिशवीची पायरीच त्यामुळे निघून जाते.

आणि ओढ तर आहेच. एनसीसीच्या नौदल शाखेतली मुलं जहाजांच्या प्रतिकृती स्वतः बनवून स्पर्धेत उतरतात. म्हणून मागणी मोजताना विकलेले डबेच मोजू नयेत, कुणी काय हाताने बनवलं तेही मोजावं, असं मी प्रबंधात मांडतोय. पारावर मात्र एवढंच सांगतो : "पोळ्याला मातीचे बैल कोण घेतं, मामा? तेच घेतात."