बखर आणि आलेख

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पानिपतविषयक बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या आणि त्यांतील चुका उघड्या केल्या. शेवट ठाऊक झाल्यावर रचलेल्या कथनापेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेला कागद अधिक विश्वासाचा, हा त्यामागचा विचार. वर्तनोपचारातील आलेख वाचताना आम्हांस याच वादाची आठवण होते.

समजा, जळगावच्या एखाद्या शाळेतील मुलगा वर्गात सारखा जागेवरून उठतो. ‘हल्ली बराच सुधारला आहे,’ हे त्याच्या आईचे म्हणणे ही बखर होय. ती खोटी नव्हे. पण कालचा दिवस वाईट गेला की तिच्यात सारा महिना काळवंडतो. तो किती वेळा उठला हे रोज त्याच तासाला मोजून दिवसावार मांडले, तर अस्सल कागद हाती येतो.

मात्र कागद वाचता आला पाहिजे. बी. एफ. स्किनर यांच्या १९३८ च्या ग्रंथातील संचयी आलेखांत रेषा कधी खाली उतरतच नाही. प्रतिसाद थांबला की ती आडवी होते. चढ म्हणजे प्रगती असे समजणारा तेथेच फसतो. पुढे १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिझली यांनी आपल्या प्रसिद्ध लेखात अधिक कठीण मागणी केली: बदल उपचारामुळेच झाला, हे पटेल असे दाखवा.

ही मागणी किती रास्त आहे पाहा. उपचारापूर्वीच्या पाच दिवसांचे आकडे १४, १३, ११, १०, ९ आणि नंतरचे ८, ७, ६, ५, ४ असतील, तर सरासरी ११.४ वरून ६ वर येते. पालक आनंदतात. पण उतार आधीपासूनच चालू होता; उपचाराने त्यात काही भर घातल्याचे हा आलेख सांगत नाही. म्हणून उपचारापूर्वीची आधाररेषा प्रथम वाचावी. आपण साहित्याचे लोक उपसंहाराकडे धावतो, ती खोड येथे महागात पडते.

उलट प्रकारही घडतो. हट्टाला मिळणारे लक्ष काढून घेतले की पहिल्या काही दिवसांत रडणे वाढू शकते. रेषा वर जाते, घरचे घाबरतात, आजी मध्ये पडते आणि उपचार नेमका तेथेच सुटतो. मुलाला मात्र एवढेच कळते की जास्त रडले म्हणजे मिळते.

अस्सल कागदही कोणी लिहिला हे पाहावेच लागते. त्यासाठी काही दिवस दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडण्याची पद्धत आहे. शिवाय पाहुणे, ताप, गावची जत्रा यांची नोंद त्या त्या बिंदूपाशी हवी. नाहीतर जत्रेच्या दिवशीचा उंचवटा महिन्याभराने उपचाराच्या माथी मारला जातो.