असईची रसद व आपेरचा कारखाना

हल्लीच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, कैलना व जुई या नद्यांच्या संगमानजीक, असई नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांची वेलस्लीशी गाठ पडली. या लढाईतील तोफा, कंपू व पलटणी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; फौजा काय खात होत्या, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूस राहिला. तो येथे घेण्यास कारण असे की, त्याच साली ब्रेस्ट बंदरात फ्रेंच आरमाराने निकोला आपेर नावाच्या एका हलवायाच्या बाटल्यांतील अन्न तीन महिन्यांनंतर तपासून पाहिले, व ते चांगले राहिल्याचे नमूद केले. डबाबंद अन्नाच्या धंद्याचा उगम तो हाच.

प्रथम इकडील हकीकत. वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेऊन तेथे कोठार केले. स्टीव्हन्सनने २ सप्टेंबरला जालना घेतला. २१ तारखेस बदनापुरी दोघांची भेट होऊन दोन वाटांनी चालून जाण्याचे ठरले. साल दुष्काळाचे, मुलखात दाण्याची शाश्वती नाही. अशा वेळी लष्कराचा जीव वंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून असे. तांडा म्हणजे चालती पेठच. नाइकी पिढीजात, बायकामुले सोबत, गोण्यांत धान्य व मीठ. जिकडे फौज तिकडे बाजार. महिनोगणती टिकवलेल्या अन्नाची निकड दख्खनेत भासली नाही, ती या व्यवस्थेमुळेच, असा आमचा तर्क आहे. जहाजावर तांडा चालत नाही. म्हणून आरमारास बाटली हवी होती.

भंगी व जंगी या नाइकांना शहाजहानच्या दक्षिणच्या स्वारीत असफखानाने सोनेरी अक्षरांचा ताम्रपट दिला, अशी वंजारी समाजात परंपरा आहे. लष्करास रसद पुरविण्याबद्दल पाणी, वैरण इत्यादींच्या सवलती त्यात होत्या, असे सांगतात. परंपरेतील शब्द न् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. पण घराण्याने आपला धंदा लेखाधारे जपावा, ही भावना त्यात स्पष्ट आहे.

आपेरचे उलट झाले. खाणावळवाल्याचा हा मुलगा पॅरिसात मिठाई विकीत असे. पुढे मासी येथे त्याने कारखाना काढला. अन्न काचेच्या बाटलीत भरावे, बूच तारेने जखडावे, बाटली पाण्यात उकळावी, एवढीच कृती. ती का साधते हे त्यासही ठाऊक नव्हते. तो उलगडा पास्तरच्या काळी झाला. १८१० साली सरकारने त्यास १२,००० फ्रँक दिले, परंतु कृती छापून उघड करण्याच्या अटीवर. त्याने ग्रंथ छापला. त्याच वर्षी लंडनात पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्यासह पेटंट मिळविले, आणि १८१३ पर्यंत डाँकिन व हॉल यांचे डबे विकले जाऊ लागले. (डबा फोडण्यास छिन्नी-हातोडा लागे, सोयीचे हत्यार पुष्कळ वर्षांनी निघाले.) १८१४ च्या स्वारीत मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. आपेर १८४१ साली दारिद्र्यात वारला. पेढी मात्र टिकली. तिचे पुढील धनी प्रिअर व शेव्हालिए यांनी आपल्या नावास ‘आपेर’ हे नाव जोडून घेतले, आणि शेव्हालिए-आपेरने १८५२ साली दाबाच्या बंद भांड्यात डबे शिजविण्याचे पेटंट घेतले.

इकडे १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि तांड्यांचा वाहतुकीचा धंदा, जो आधीच खालावला होता, तो बसला. वेलस्लीची बैल व वंजारी यांविषयीची पत्रे छापील खंडांत वाचावयास मिळतात. ज्या नाइकांस उद्देशून ती व्यवस्था होती त्यांचा कागद मात्र आमच्या पाहण्यात नाही. जालना, भोकरदन, अंबड, जाफराबाद या बाजूंच्या देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत नाइकांच्या नावचे कौल, जकातमाफीची दस्तके अथवा गोण्यांचे हिशेब असणे संभवनीय आहे. असे कागद रुमालांत ‘किरकोळ’ म्हणून बांधलेले असतात. ज्या संग्राहकांजवळ ते असतील त्यांनी निदान नक्कल तरी मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद मागण्याचा आमचा आग्रह नाही.